कोरडा कपडा मारण्याआधी

मे महिन्यात राजस्थानच्या बाजूनं आंधी उठते आणि अर्ध्या तासात दिल्लीतल्या साऱ्या गाड्यांचा रंग एक होतो. काळी असो, पांढरी असो, लाल असो, सगळ्या मातकट. वादळ ओसरलं की माणसं खाली उतरतात, डिकीतून पिवळं फडकं काढतात आणि बॉनेटवर गोल गोल फिरवायला लागतात. गाडीचं खरं नुकसान वादळात होत नाही, ते इथून सुरू होतं.

त्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोह्‌स मापावर गारगोटी 7 वर बसते, म्हणजे खिडकीच्या काचेच्याही वर. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला गॅरेजवाले क्लिअरकोट म्हणतात, तो असतो साधारण 40-50 मायक्रॉनचा. आपल्या डोक्यावरचा केस बहुधा त्याहून जाड निघेल. कोरडं फडकं फिरवलं की ते कण त्या थरावरून ओढले जातात. सावलीत काही कळत नाही. उन्हात गाडी उभी केली की कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा चमकायला लागतात, आणि मग मालक म्हणतो, ‘कंपनीनं रंगच हलका दिलाय.’

मी दिल्लीतल्या द्वारकेत राहतो. आमच्या सोसायटीत पहाटे गाड्या पुसणारी मुलं येतात. एक बादली, एक फडकं, आणि ओळीनं उभ्या पंधरा-वीस गाड्या. पहिल्या गाडीची माती शेवटच्या गाडीपर्यंत पोचते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. महिन्याला काहीशे रुपये टेकवून आपण त्यांच्याकडून ऑफिसच्या वेळेआधी चकाकी मागतो. ती तेवढ्या वेळात तशीच येणार. शिवाय पुसणाऱ्या मुलाकडून होणारं नुकसान हप्त्याहप्त्यानं होतं. एकरकमी नुकसान करायला मित्र लागतात.

आमच्या कंपूत ते भरपूर आहेत. दिल्लीत आल्यावर मराठी माणसाचं आडनाव मागे पडतं आणि गाव चिकटतं. त्यामुळे आमच्यात एक नागपूरकर आहे, तो नोएडात राहतो. एक सोलापूरकर, गुरुग्रामला. आणि एक रत्नागिरीकर, माझ्याच सोसायटीत, दोन टॉवर सोडून. तिघांनाही गाड्यांचं वेड, हातात रविवार मोकळा, आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून आलेला प्रचंड आत्मविश्वास. माझं काम बादली धरायचं. त्यामुळे बहुतेक अपघात मी अगदी जवळून पाहिले आहेत.

नागपूरकराच्या अलॉय चाकांवर ब्रेकची तपकिरी भुकटी बसली होती. शाम्पूनं निघेना. त्यानं घरातून संडास साफ करायची निळी बाटली आणली. ‘टाइल्स चमकतात, मग चाकाला काय धाड भरलीय?’ हा त्याचा युक्तिवाद. बाटली ओतली, ब्रश फिरवला, आणि चाकावर सुरेख फेस यायला लागला. रत्नागिरीकर मान डोलवत म्हणाला, ‘मस्त काम करतंय हां.’ काम करतच होतं. त्या बाटलीत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. जिथे दगड लागून चाकाचं लॅकर उडालं होतं तिथे ते थेट ॲल्युमिनियमला भिडलं होतं, आणि आम्ही कौतुकानं बघत होतो तो फेस म्हणजे धातू खाऊन निघणारा हायड्रोजन. पाणी मारल्यावर चाकांवर पांढरे ढग उमटलेले दिसले. ते गेले नाहीत. चाकं घासून पुन्हा रंगवून घ्यावी लागली, आणि ते बिल वहिनींच्या हाती पडल्यावर जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ब्रेकच्या भुकटीसाठी आम्लरहित व्हील क्लीनर मिळतो. चाक थंड असताना लावायचा आणि वाळायच्या आत धुऊन टाकायचा. एवढंच.

खरं सांगायचं तर आमच्या निम्म्याहून अधिक फजित्या अशाच, स्वयंपाकघरातून किंवा न्हाणीघरातून निघालेल्या आहेत. भांड्यांचा साबण तेलकटपणा काढायला बनवलेला असतो, म्हणून तो गाडीवरचं मेणही काढतो. टूथपेस्टची कथा थोडी वेगळी, कारण ती आधी यशस्वी होते. हेडलाइटची काच ही काच नसतेच, ते पॉलिकार्बोनेट असतं. त्यावरचा संरक्षक थर दिल्लीच्या उन्हानं मरतो आणि दिवा पिवळा पडतो. सोलापूरकरानं त्यावर पुदिन्याची टूथपेस्ट घासली. दिवा लखलखला. त्यानं उजव्या-डाव्या दिव्याचे फोटो सगळ्या गटांवर टाकले, लोकांनी अंगठे दाखवले. पण टूथपेस्टनं पिवळ्याबरोबर उरलासुरला संरक्षक थरही खरवडून काढला होता. काही आठवड्यांत दिवे पहिल्यापेक्षा पिवळे झाले, बॉनेटच्या फटीत वाळलेली पेस्ट मात्र अजून तशीच आहे. दिवे करायचेच असतील तर बारीक वॉटर पेपरनं ओले घासून, पॉलिश करून, वर अतिनील किरण अडवणारं कोटिंग मारायचं. शेवटची पायरी गाळणार असाल तर पहिली सुरूच करू नका.

रत्नागिरीकराच्या बाबतीत दोष त्याच्या घरच्या नारळांचा. गावाहून घाण्याचं खोबरेल यायचं, आणि त्याला ते सर्व व्याधींवर चालतं. डॅशबोर्ड कोरडा दिसतो म्हणून त्यानं ते तिथेही चोळलं. ऑक्टोबर होता, डॅशबोर्ड काळाभोर दिसायला लागला, गाडीला सोलकढीच्या हॉटेलाचा वास. मग त्या तेलावर दिल्लीची धूळ बसली आणि हाताला लागणारा गिलावा तयार झाला. डिसेंबरात त्याहून मजा. खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं, हे कोकणातल्या माणसाच्या ध्यानात राहत नाही, कारण तिथे ते असं घट्ट गोठायची वेळ क्वचित येते. द्वारकेत सकाळी सात-आठ अंश तापमान. एका सकाळी डॅशबोर्डभर पांढरे चट्टे. बिचाऱ्याला वाटलं बुरशी आली, आणि त्यानं वर डेटॉल मारलं.

डॅशबोर्डला ओलसर मायक्रोफायबर पुरतो. चमक हवीच असेल तर चमक नसलेलं ड्रेसिंग घ्या, हे वाक्य विचित्र वाटलं तरी मुद्दाम लिहिलंय. तकतकीत डॅशबोर्ड उन्हात समोरच्या काचेत उमटतो आणि रस्त्यावर एक खोटा रस्ता दिसायला लागतो. टायरचं सिलिकोन पॉलिश तर स्टिअरिंग, पेडल आणि सीट यांच्या आसपासही नको. नागपूरकर एकदा त्यानं चकचकीत केलेल्या सीटवरून ब्रेक मारताना थेट डॅशखाली सरकला होता. आम्ही हसलो, पट्टा लावलेला नसता तर हसलो नसतो.

आता जे सांगणार आहे त्यात हसण्यासारखं फार नाही. सोलापूरकरानं रविवारी गाडीला मेण लावलं आणि हात लागला तसा समोरच्या काचेलाही लावलं. ‘पाणी घसरून जाईल’ हा हेतू. त्याच आठवड्यात आमच्या मराठी मंडळाचा तिळगूळ समारंभ होता. रात्री दहाच्या पुढे आम्ही निघालो तेव्हा धुकं उतरलं होतं. काचेवर दव जमत होतं. त्यानं वायपर लावला, तसा वायपर कर्र कर्र करत उड्या मारायला लागला आणि मेणाचा पापुद्रा काचभर पसरला. समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याचं मोठं दुधी वर्तुळ झालं. ट्रक किती लांब आहे, दिसत नव्हतं. आहे तो, एवढंच कळत होतं. उत्तर भारतातलं जानेवारीचं धुकं ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना हे नीट सांगता येणार नाही; कधीकधी आपल्याच बॉनेटचं टोक दिसत नाही. आम्ही गाडी पेट्रोल पंपाच्या आवारात लावली, तिथल्या माणसाला सांगितलं आणि कॅबनं घरी आलो. तिळगुळाचा डबा गाडीतच राहिला.

बॉडीचं मेण काचेला लावायचं नाही. काचेसाठी वेगळं पाणीरोधक मिळतं आणि तेही काच तेलकटपणा काढून स्वच्छ केल्यावरच. चुकून मेण लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं काच आणि वायपरचं रबर दोन्ही पुसा, आणि हे घरून निघण्याआधी दिवसाउजेडी करा.

काचेवरून आठवलं. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2012 मध्ये गाड्यांच्या काचांवर काळी फिल्म लावायला बंदी केली, तेव्हापासून दिल्लीत चौकाचौकांत त्यावर दंड झालेले आहेत. सोलापूरकरानं जुनी गाडी घेतली ती मागच्या काचेवरच्या फिल्मसकट. दंडाची पावती मिळाल्यावर त्यानं ती फिल्म दाढीच्या ब्लेडनं खरवडून काढली. फिल्म गेली. काचेवरच्या तांबूस आडव्या रेघाही गेल्या. त्या रेघा म्हणजे दव घालवणाऱ्या डीफॉगरच्या तारा. अशी फिल्म गरम वाफेनं सैल करून हळूहळू सोलायची असते, आणि मागच्या काचेवर ब्लेड कधीच नको.

प्रेशर वॉशरनं इंजिन धुण्याबद्दल थोडक्यात: धुऊ नका. स्पार्क प्लगच्या खोबणीत, कनेक्टरमध्ये पाणी शिरतं आणि गाडी तीन सिलिंडरवर थरथरत जागेवरच उभी राहते. आमची राहिली. काश्मिरी गेटहून आणलेल्या ड्रिलला पॉलिशचं पॅड लावून बॉनेट घासण्याबद्दलही तेच. ड्रिलचा वेग आणि कोन हाताला सांभाळता येत नाही, आणि पत्र्याच्या कडेला रंगाचा थर सर्वांत पातळ असतो. तिथे क्षणभर पॅड थांबलं की खालचा प्रायमर वर येऊन भेटतो.

पाण्याचं काय, हा प्रश्न दिल्लीत वेगळा विचारावा लागतो. एक म्हणजे पाणी जड. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी तापलेल्या बॉनेटवर वाळलं की क्षारांचे पांढरे गोल डाग पडतात आणि काळ्या गाडीवर ते देवीच्या वणांसारखे कायमचे होऊन बसतात. दुसरं, पाणी मुळात नाहीच. 2024 च्या मे महिन्यात टंचाईत दिल्ली सरकारनं पाइप लावून गाडी धुणाऱ्यांना 2,000 रुपये दंडाचा आदेश काढला आणि पाहणीला 200 पथकं नेमली. त्या उन्हाळ्यात आमची फोमची बंदूक माळ्यावर गेली. मला विचाराल तर चांगलंच झालं.

कारण त्यानंतर आम्ही शिकलो ती पद्धत या शहराला जास्त मानवते. रिन्सलेस वॉश नावाचं द्रावण मिळतं. एक बादली पाण्यात झाकणभर घालायचं. सावलीत, गार बॉनेटवर, आधी ते फवाऱ्यानं गाडीवर मारून धूळ भिजू द्यायची. मग भिजलेला मायक्रोफायबर वरून खाली, एका दिशेनं, न दाबता ओढायचा. बाजू मळली की घडी उलटायची, सगळ्या बाजू संपल्या की नवा रुमाल. वापरलेला रुमाल बादलीत परत जात नाही. यासाठी सात-आठ रुमाल लागतात, पाणी एकच बादली. ज्यांच्याकडे पाणी पुरेसं आहे त्यांनी दोन बादल्या ठेवाव्यात, एक शाम्पूची, एक फडकं खंगाळायची. फडकं जमिनीवर पडलं तर ते चाकांच्या कामाला, बॉडीला नाही. कबुतराची विष्ठा आणि जांभळाचे डाग नखानं खरवडायचे नाहीत. ओला रुमाल काही मिनिटं वर ठेवायचा, ते आपोआप सुटतात. जूनमध्ये नवी दिल्लीच्या जुन्या रस्त्यांवर जांभळाखाली गाडी लावणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

आणि पहाटे येणाऱ्या मुलाला एकदा थांबवून बोला. त्याला चार मायक्रोफायबर आणि फवाऱ्याची बाटली आणून द्या, आधी फवारायचं आणि मग पुसायचं हे दाखवा, त्याचा वेळ वाढतो म्हणून पैसेही वाढवा. रोज न पुसता आठवड्यातून दोनदाच पुसायला सांगा. मित्रांना मात्र समजावत बसू नका. पुढच्या रविवारी कुणी ड्रिल आणि पॅड घेऊन दारात आला, तर त्याला चहा द्या आणि सुरुवात त्याच्या गाडीपासून करायला सांगा.