आधी भाषा, मग फ्रेमवर्क

"जावा करू की रिॲक्ट?" "मुलीनं पायथनचा क्लास लावलाय, पण आता सगळे म्हणतात जँगोला मागणी आहे, तर बदलून घेऊ का?" "एचटीएमएल झालं, पुढची लँग्वेज अँग्युलर घेऊ की नोड?" बारावीचे निकाल लागले, कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की असे प्रश्न घेऊन मुलं येतात आणि त्यांच्या मागोमाग आईवडीलही येतात. प्रश्न मनापासूनचे असतात. त्यांच्यामागे क्लासची भरलेली फी असते, चुलत भावाला पुण्यात लागलेली नोकरी असते आणि आपलं पोर मागे पडेल ही धास्ती असते. पण उत्तर देण्याआधी प्रश्नच सरळ करून घ्यावा लागतो. ज्या दोन गोष्टींतून एक निवडायची म्हणून मूल झोपत नाही, त्या मुळात एका रांगेतल्याच नसतात.

पायथन, जावा, जावास्क्रिप्ट, पीएचपी, रुबी या प्रोग्रामिंगच्या भाषा. जँगो, स्प्रिंग, अँग्युलर, लाराव्हेल, रेल्स ही फ्रेमवर्क, आणि ती याच भाषांच्या आधारानं उभी आहेत. जँगो पायथनमध्ये, स्प्रिंग जावात, लाराव्हेल पीएचपीत, रेल्स रुबीत. त्यामुळे 'पायथन की जँगो' अशी निवडच होऊ शकत नाही. जँगो करायचं म्हटलं की पायथन आलंच. तहसील कचेरीतला छापील अर्ज आठवा. रकाने, क्रम, सही कुठे करायची ते सगळं आधीच ठरलेलं असतं. आपण मोकळ्या जागा भरायच्या. फ्रेमवर्क तसंच काम करतं. लॉगिन, डेटाबेसशी बोलणं, कोणत्या पत्त्यावर कोणतं पान दाखवायचं, हे साचे ते तयार देतं. मोकळ्या जागा मात्र भाषेतच भराव्या लागतात.

काही नावं या दोन्ही खणांत नीट बसत नाहीत, तीही सांगून टाकतो. रिॲक्ट बनवणारे स्वतः त्याला लायब्ररी म्हणतात. नोड ही भाषाही नाही आणि फ्रेमवर्कही नाही. ब्राउझरच्या बाहेर, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी ती व्यवस्था आहे. एचटीएमएल आणि सीएसएस पानाची मांडणी आणि रूप ठरवतात. वेबच्या कामात त्यांच्यावाचून चालत नाही, पण तेवढ्यावर 'मला प्रोग्रामिंग येतं' असं म्हणता येत नाही. आणि जावा व जावास्क्रिप्ट या दोन वेगळ्या भाषा आहेत. दोन्ही 1995 साली जगासमोर आल्या. जावाचा तेव्हा गाजावाजा होता, म्हणून नेटस्केप कंपनीनं आपल्या नव्या भाषेला तिच्याशी मिळतंजुळतं नाव दिलं. त्या नावानं आजही मुलं चुकीच्या बॅचला बसतात.

फ्रेमवर्क जन्माला कशी येतात हे कळलं की बराच गोंधळ आपोआप निवळतो. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावी एक स्थानिक वृत्तपत्र होतं. 2003 च्या सुमारास तिथे एड्रियन होलोवटी आणि सायमन विलिसन हे दोघे वेबसाइटचं काम पाहत होते. बातमीदारांना नवं पान, नवी सोय हवी असायची, तीही छपाईच्या घाईनं, काही दिवसांत नाहीतर काही तासांत. प्रत्येक वेळी तेच तेच पुन्हा लिहावं लागत होतं. मग त्यांनी पायथनमध्ये तो समाईक भाग बाजूला काढला, नीटनेटका केला, आणि 2005 मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. तोच जँगो, जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून त्याला नाव मिळालं. या हकिकतीत मुलांनी क्रम पाहावा. भाषा त्यांना येत होती, काम करताना एक अडचण वारंवार भेटत होती, आणि तिच्यावर उपाय म्हणून फ्रेमवर्क तयार झालं. आपल्याकडे मुलाला ती अडचण भेटण्याआधीच उपाय हाती दिला जातो, आणि मग तो उपाय कशावरचा हेच त्याला कळत नाही.

हे प्रत्यक्षात कसं बोचतं ते एका उदाहरणानं पाहू. समजा, एका मुलीनं व्हिडिओ बघून बघून जँगोमध्ये निकाल दाखवणारी साइट केली. रोल नंबर टाकला की डेटाबेसमधून विद्यार्थी शोधायचा आणि त्याचं नाव पानावर दाखवायचं. सगळं छान चालतं. मग कोणीतरी यादीत नसलेला नंबर टाकतो आणि पडद्यावर पिवळं पान येतं: 'नन टाइप'च्या वस्तूला 'नेम' नावाचा गुणधर्म नाही. मुलगी जँगो काढून पुन्हा टाकते, आवृत्ती बदलते, व्हिडिओ पहिल्यापासून लावते. चूक जँगोची नाहीच. शोधाला काही सापडलं नाही म्हणून हाती 'नन', म्हणजे 'काहीच नाही' आलं, आणि आपण त्या 'काहीच नाही'ला त्याचं नाव विचारलं. पायथनच्या पहिल्या महिन्यातला हा धडा आहे. 'काही सापडलं का?' एवढी एक इफची अट टाकली की काम झालं. भाषा शिकलेल्याला हे दोन मिनिटांत दिसतं. न शिकलेल्याची रात्र जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे 'हे आपल्याला जमायचं नाही' असं त्या मुलीला वाटून जातं. अशा कारणानं हुशार मुलं हे क्षेत्र सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं.

रिॲक्टमध्येही हेच होतं. यादीत नवी वस्तू घातली तरी पडद्यावर दिसत नाही, अशी तक्रार नवशिका विद्यार्थी हमखास करतो. जुन्याच यादीत वस्तू ढकलली तर यादी तीच राहते, आणि यादी तीच आहे असं पाहून रिॲक्ट पान नव्यानं रंगवत नाही. नवी यादी करून द्यावी लागते. 'तीच' आणि 'तशीच' यांतला हा फरक जावास्क्रिप्टचा आहे. तो तिथेच शिकायचा असतो.

पालकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा दाखला अँग्युलरचा. गूगलनं 2010 मध्ये अँग्युलरजेएस आणलं. पुढची काही वर्षं नोकरीच्या जाहिरातींत आणि क्लासच्या फलकांवर त्याची चलती होती. सप्टेंबर 2016 मध्ये अँग्युलर 2 आलं, आणि ते मुळापासून नव्यानं लिहिलेलं होतं. जुनी रचना गेली, जावास्क्रिप्टवरच बेतलेली टाइपस्क्रिप्ट ही भाषा आली. जुन्या अँग्युलरजेएसचा अधिकृत आधार 2021 च्या डिसेंबरअखेर संपला. ज्यांनी अँग्युलरजेएस म्हणजेच प्रोग्रामिंग असं समजून पाठ केलं होतं, त्यांच्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याची वेळ आली. ज्यांची जावास्क्रिप्ट पक्की होती, त्यांनी नव्या रचनेची ओळख करून घेतली आणि ते पुढे गेले, कोणी नव्या अँग्युलरकडे, कोणी रिॲक्टकडे, कोणी व्ह्यूकडे. त्याच काळात जावास्क्रिप्टमध्येही भर पडली, 2015 च्या मानकानं बरंच नवं आणलं; पण जुनं लिहिलेलं चालत राहिलं. फ्रेमवर्कची चलती किती टिकेल हे आज कोणताही क्लास छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मग जाहिरातीत रिॲक्ट, स्प्रिंग बूट असं लिहिलेलं असतं ते खोटं का? अजिबात नाही. कामावर फ्रेमवर्क लागतंच आणि ते शिकायलाच हवं. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. कॅम्पसच्या कोडिंग फेरीत बहुतेक वेळा सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन यांतली भाषा निवडून गणितं सोडवायची असतात. शब्द उलटा करा, यादीतले दुबार आकडे काढा, असं विचारतात. तिथे जँगो कामाला येत नाही. मुलाखतीतही प्रकल्प दाखवला की पुढचा प्रश्न 'ही ओळ काय करते?' हाच असतो.

माझा सल्ला असा. एक भाषा घ्या. कॉलेजात जी शिकवतात तीच घेतली तरी चालेल. थेट वेबकडे जायचं असेल तर जावास्क्रिप्ट घ्या. पाच-सहा महिने तिला द्या. फंक्शन, लूप, याद्या, चुका शोधणं हे कोणाच्या मदतीशिवाय जमू द्या. सोबत डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, एसक्यूएल, शिका, आणि ब्राउझर सर्व्हरकडे काय मागतो, सर्व्हर काय परत देतो, 404 आणि 500 यांत फरक काय, हे समजून घ्या. त्यानंतर त्या भाषेतलं एकच फ्रेमवर्क, एकच प्रकल्प, आणि तो शेवटपर्यंत. आता एआयची साधनं फ्रेमवर्कचा कोड क्षणात लिहून देतात, म्हणून हे सगळं फुकट जाईल असं काही पालकांना वाटतं. पण त्या कोडमधली चूक ओळखायला भाषाच यावी लागते, त्यामुळे पाया आता जास्तच लागणार आहे.

आणि आईबाबा, क्लासच्या काउंटरवर 'फुल स्टॅक'च्या फलकाखाली उभे असाल तेव्हा पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. या कोर्सची मूळ भाषा कोणती? तिच्यासाठी किती आठवडे ठेवलेत? फ्रेमवर्क सुरू होण्याआधी मूल स्वतःहून काय लिहू शकेल? तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली नाहीत, तर त्या दिवशी फी भरू नका.