आवश्यक आज्ञा व ऐच्छिक आज्ञा

मोशेच्या नियमशास्त्रातील सर्वच आज्ञा सर्वांवर सारख्याच बंधनकारक आहेत काय, असा प्रश्न शास्त्राभ्यास करणाऱ्याच्या मनात साहजिकच येतो. यहूदी शास्त्र्यांनी आज्ञांची संख्या 613 मानिली आहे. त्यांत 248 विधी व 365 निषेध. जे केलेच पाहिजे त्यास ते 'होवा' म्हणजे कर्तव्य म्हणतात, आणि जे करणे न करणे मनुष्याच्या इच्छेवर सोपविले आहे त्यास 'रशूत' म्हणजे मुभा म्हणतात.

हा भेद पाहावयास परदेशी जाणे नको. आपल्या कोकणातील बेने इस्राएल लोक तेल गाळण्याचा धंदा करीत व शब्बाथ दिवशी घाणा बंद ठेवीत. म्हणून त्यांस 'शनवार तेली' हे नाव पडले. मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान 1796 साली झाले. त्यापूर्वीही शब्बाथ, आठव्या दिवशीची सुंता, 'शमा'चे पठण आणि पंख व खवले असलेलेच मासे खाणे, ही कर्तव्ये त्यांनी टाकिली नाहीत. ह्यांवाचून त्यांच्यात 'मलिदा' नावाचा विधी आहे. नवस फिटला किंवा शुभकार्य झाले म्हणजे पोहे, ओले खोबरे, साखर व फळे मांडून, एलीया संदेष्ट्याचे स्मरण करून, देवाचे उपकार मानितात. 1948 नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएल देशी गेली, तेथेही मलिदा होतो. तथापि ह्याची आज्ञा मोशेने दिलेली नाही. हे स्वखुशीचे अर्पण होय.

ह्या दोहोंच्या मध्ये आणखी एक प्रकार आहे. अनुवाद 22:8 मध्ये नव्या घराच्या धाब्यास कठडा करावा असे सांगितले आहे. घर बांधलेच पाहिजे असे बंधन नाही. पण बांधिले तर कठडा हवाच, कारण वरून कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष घरावर येतो. धाब्याच्या घरात राहिलेल्या आमच्या खानदेशी वाचकांस हे अधिक सांगावयास नको.

कोरीट व आसपासच्या गावांतील बंधूंसाठी शेताचेही उदाहरण घेऊ. कापणीच्या वेळी शेताचा कोपरा गरिबांसाठी राखावा, ही लेवीय 19:9 मधील आज्ञा आवश्यक आहे. किती राखावे हे मोशेने सांगितले नाही. शास्त्र्यांनी ठरविले की, साठाव्या हिश्शाहून कमी नसावे; त्यापुढे धन्याचे औदार्य. म्हणजे एकाच कृत्यात कर्तव्य व स्वखुशी दोन्ही आली.

आता नवसाविषयी. अनुवाद 23:21-23 सांगते की, नवस न करण्यात पाप नाही. पण तोंडाने बोललेला नवस विलंब न करिता फेडावा. ऐच्छिक गोष्ट आपल्याच शब्दाने कर्ज होते.

आपणांस वाटते की, स्वखुशीने केलेले कृत्य आज्ञेने केलेल्यापेक्षा थोर. परंतु रब्बी हनीना ह्यांनी उलट शिकविले: ज्यास आज्ञा आहे व जो ती पाळितो, तोच थोर. ह्याचे कारण नंतरच्या टीकाकारांनी असे दिले आहे की, आज्ञेखाली असलेल्यास चुकण्याची चिंता असते व मनाशी झगडावे लागते. ऐच्छिक कृत्य मन मानेल तेव्हा करिता व सोडिता येते.

म्हणूनच प्रभूने मार्क 7:9-13 मध्ये दोष दिला तो अर्पणास नव्हे, तर 'कुर्बान' म्हणून आईबापांचे पोषण टाळण्यास. आणि न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, नवसामुळे आईबापांचा मान बुडत असेल तर तो रद्द करण्याची वाट काढावी, असे यहूदी शास्त्र्यांनीही मान्य केले आहे.

आजारपणात एखादा बंधू मंदिरास घंटा देण्याचा नवस करितो, आणि त्याच हंगामाची मजुराची मजुरी त्याच्याकडे अडलेली असते. लेवीय 19:13 प्रमाणे ती मजुरी एक रात्रही ठेवावयाची नाही. घंटा दिली म्हणून मजुरी फिटत नाही. नवस बोलला असेल तर तोही फेडावा. पण प्रथम मजुराच्या दारी जावे, मग मंदिराच्या.