पियानो : सॅम्पल्ड की मॉडेल्ड?

प्रश्न : माझ्याकडे मिडी कीबोर्ड आणि ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. पियानोचं कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या लॅपटॉपला मॉडेल्ड सोयीचं. सॅम्पल्डमध्ये खऱ्या पियानोची एकेक पट्टी हलक्या-जोरकस आघातांनी वाजवून ध्वनिमुद्रित केलेली असते. आवाज अस्सल, पण मोठे संच शंभर जीबीच्याही पुढे जातात आणि एसएसडी मागतात. मॉडेल्डमध्ये हातोडी, तार, साउंडबोर्ड यांचं गणित मांडून सूर त्या क्षणी घडतो. २००६ साली आलेलं ‘पियानोटेक’ जीबीभरही जागा घेत नाही. भार पडतो तो प्रोसेसरवर.

शेजारच्या मिरजेचा तंबोरा आठवा. एक तार छेडली की दुसऱ्याही गुंजतात. पियानोतही तेच घडतं. सुट्या मुद्रणांत ही गुंज वेगळी जोडावी लागते. मॉडेलमध्ये ती गणितातच असते. परीक्षा सोपी आहे : मधली ‘सी’ आवाज न होऊ देता हळूच दाबून धरा, खालच्या सप्तकातली ‘सी’ जोरात वाजवून सोडा. मधली मागे गुंजत राहिली, तर काम चोख.

पैसे भरण्याआधी चाचणी आवृत्ती हेडफोन लावून वाजवा. शेवटचा निकाल कानांचाच.