मोरचूद आणि लोखंडाची बादली

नांगराचा फाळ पावसात राहिला, की त्यावर तांबडा गंज चढतो. तांब्याचा हंडा काळवंडतो. पण जळगावच्या सराफ बाजारातून आजीने आणलेली सोन्याची पोत नातीच्या गळ्यात गेली, तरी पिवळी ती पिवळीच. असे का?

धातूंनाही स्वभाव असतो. काही धातू दुसऱ्या पदार्थाशी चटकन मिळतात, काही अलिप्त राहतात. त्यांचा क्रम असा : जस्त, लोखंड, तांबे, चांदी, सोने. जस्त यांत सर्वांत चपळ, सोने सर्वांत संथ. या गुणाला क्रियाशीलता म्हणतात. शब्द मोठा, पण अनुभव घरचाच.

आता गंमत पाहा. चपळ धातू संथ धातूला जागेवरून हुसकावतो. मोरचुदात तांबे असते. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात घासलेला लोखंडी खिळा टाका. थोड्या वेळाने त्यावर तांबूस थर दिसेल. ही जादू नव्हे. थोडे लोखंड पाण्यात उतरले आणि पाण्यातले तांबे खिळ्यावर बसले.

याचा शेतीशी संबंध काय? लिंबू-मोसंबीच्या बागेत बुरशीच्या रोगावर आपण बोर्डो मिश्रण वापरतो. १८८५ साली फ्रान्समधील बोर्डो गावाकडे ते द्राक्षांसाठी पुढे आले. ते लोखंडी बादलीत केले, तर तांबे बादलीलाच चिकटते. औषध कमजोर होते, बादलीही खाल्ली जाते. पत्र्याच्या बादलीवर जस्ताचा मुलामा असतो. तीही चालत नाही. मातीचे, लाकडी किंवा प्लॅस्टिकचे भांडे घ्यावे.

एक किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात विरघळवा. एक किलो कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटर पाण्यात कालवून गाळा. दोन्ही पाणी तिसऱ्या भांड्यात एकदम ओता आणि ढवळत राहा.

मग घासलेले विळ्याचे पाते त्यात थोडा वेळ बुडवा. पाते तांबूस झाले, तर मोकळे तांबे उरले आहे. त्याने पाने करपतील. आणखी चुन्याचे पाणी घाला, पुन्हा पाते घासून पाहा. पाते जसेच्या तसे राहिले, की फवारा. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

मोरचूद विषारी आहे. मुलांपासून आणि गुराढोरांपासून दूर ठेवा. स्वयंपाकाची भांडी त्यासाठी घेऊ नका. काम झाल्यावर हात स्वच्छ धुवा.

प्रश्न
१. सोने का गंजत नाही?
२. विळ्याचे पाते तांबूस झाले, तर काय कराल?