तीस तास कुठे घालवायचे

गुजरातेतल्या नवागामात दवाखाना टाकतोयस, तर आधी कागदाचं ऐक. तुझी नोंदणी महाराष्ट्राची. तिथल्या कौन्सिलकडून ना-हरकत घे आणि गुजरात मेडिकल कौन्सिलमध्ये नाव लाव. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी तीस तासांचं शिक्षण. हे तीस तास डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेतच लिहिलेले आहेत. वर्षाला सहा होतात. पाचव्या वर्षी धावाधाव करणारे मिळेल त्या कार्यक्रमाला जाऊन बसतात, आणि डॉक्टरला न शोभणारी गोष्ट मला तीच वाटते. सर्टिफिकेट हातात पडलं की कौन्सिलची मान्यता, मिळालेले तास आणि तुझा नोंदणी क्रमांक तिथेच वाचून घे.

आता खरं सांगायचं ते. अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियात डॉक्टरला दोन वर्षांत शंभर तास लागतात, त्यातले निदान बारा रुग्णसुरक्षेचे. आपल्या त्या आचारसंहितेत असे वेगळे तास नाहीत, म्हणून ते तूच राखून ठेव. औषधांतल्या चुका, सुईची स्वच्छता, अॅलर्जीचा झटका, पेशंट पुढे कधी पाठवायचा, हे विषय निवड. 17 सप्टेंबर हा 2019 पासून जागतिक रुग्णसुरक्षा दिन आहे. त्या सुमारास असे कार्यक्रम शोध.

ऐकून आलेलं दुसऱ्या दिवशी ओपीडीत उतरलं पाहिजे. इथे धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसं येतात. अहिराणीत बोलतात, लूमवर बारा-बारा तासांची पाळी करतात. रात्रपाळीच्या माणसाला ‘सकाळ-संध्याकाळ एक गोळी’ म्हणालास तर तो झोपेल कधी आणि गोळी घेईल कधी? ‘कामावर जाण्याआधी एक, सुटून आल्यावर एक’ असं सांग. मग त्याच्याच तोंडून परत वदवून घे. मान डोलावली म्हणजे समजलं, असं कधीच धरू नकोस. सांध्यांसाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जीव जातो. चिठ्ठीवर वारच लिही: ‘फक्त सोमवारी’.

लहान मुलाच्या तापाला पॅरासिटामॉल लिहिताना बाटली कुठली ते स्पष्ट लिही. सिरपच्या 5 मिलीत 125 किंवा 250 मिलिग्रॅम असतं, थेंबांच्या एकाच मिलीत 100. आईने सिरपच्या मापाने 5 मिली थेंब पाजले, तर 500 मिलिग्रॅम पोटात गेलं. चिठ्ठीवर नाव जेनेरिक, अक्षर मोठं, सुटं. नियमही तेच सांगतो.

सुई मागणारे पुष्कळ येतील. गरज नसेल तर देऊ नकोस, आणि द्यायचीच असेल तर अॅड्रेनालिन हाताशी हवं. अँप्यूलची तारीख दर महिन्याला बघ. अॅलर्जीचा झटका आला तर मोठ्या माणसाला 0.5 मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत, वाट न बघता. हे कंपाउंडरलाही पाठ असू दे.

लग्नसराईत माणसं गावी जातात, उपचार अर्धा राहतो. जाताना औषधांची नावं आणि अॅलर्जी लिहिलेला कागद त्यांच्या हातात दे, म्हणजे तिकडच्या डॉक्टरला अंधारात चाचपडावं लागणार नाही.

या वर्षीचे सहा तास दिवाळीच्या आत पुरे कर, आणि त्यातले दोन तरी औषधांच्या चुकांवरचे असू देत.