वेदना : देहाचा पहारेकरी



तव्यावरची भाकरी उलटताना बोटास चटका बसला, तर ‘हात मागे घ्यावा’ असा विचार मनात येण्यापूर्वीच हात मागे आलेला असतो. हे कसे घडते, ते आज पाहू.

आपल्या त्वचेत मज्जातंतूंची असंख्य टोके पसरलेली आहेत. त्या सर्वांचे काम एकच नव्हे. काही स्पर्श व दाब जाणतात, काही ऊब, काही गारवा. आणि काही इजा होऊ लागली म्हणजे वर्दी देतात. ही वर्दी पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत व तेथून मेंदूत पोहोचते. चटका बसताच हात मागे घेण्याची आज्ञा मज्जारज्जूतूनच सुटते. वेदना कळते ती त्यानंतर.

सर्व वर्दी सारख्याच वेगाने जात नाहीत. साध्या स्पर्शाची वर्दी सेकंदास सुमारे ३५ ते ७५ मीटर धावते. पहिल्या तीव्र कळेची ५ ते ३० मीटर. आणि मागाहून येणाऱ्या ठणक्याची केवळ अर्धा ते दोन मीटर. म्हणूनच ठेच लागली असता आधी कळ येते व मग पाय ठणकत राहतो.

मिरचीने तोंड भाजते असे आपण म्हणतो, तेही निरर्थक नव्हे. सुमारे ४३ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक उष्णतेने तंतूंच्या टोकांवरील जे द्वार उघडते, तेच मिरचीतील तिखट द्रव्यानेही उघडते. हा शोध डॉ. डेव्हिड ज्युलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केला. स्पर्श जाणणारी द्वारे डॉ. आर्डेम पॅटापूटियन यांनी शोधली. या दोघांस २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता, हा पहारेकरी मुका झाला तर काय होते? कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंस इजा करतात आणि त्या जागेची संवेदना जाते. हा रोग बोटे खाऊन टाकतो, असे लोक समजत. परंतु १९४६ साली वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी रोग्यांचे हातपाय बारकाईने तपासले. त्यांस दिसले की, बोटांची हानी मुख्यतः न कळलेल्या जखमा, भाजणे व त्यांत होणारा पू यांमुळे होते. ज्याला दुखत नाही तो जखमी पायानेच चालत राहतो.

यास्तव, अंगावर फिकट अथवा तांबूस चट्टा असून तेथे स्पर्श कळत नसेल, तर ‘दुखत नाही, मग चिंता कशाची?’ असे म्हणू नये. न दुखणे हीच तेथे धोक्याची खूण होय. सरकारी दवाखान्यात याची औषधे विनामूल्य मिळतात, आणि सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो. मात्र विलंबामुळे मेलेले तंतू पुन्हा जिवंत होतीलच असे नाही. ज्यांची संवेदना गेली आहे, त्यांनी रोज डोळ्यांनी हातपाय तपासावे, पादत्राण घालावे आणि तापलेले भांडे सांडशीनेच उचलावे. असा मनुष्य शेजारी असल्यास त्यास दूर न लोटता दवाखान्यापर्यंत सोबत करावी.

प्रश्न
१. चटका बसल्यावर हात मागे घेण्याची आज्ञा कोठून सुटते?
२. ठेच लागल्यावर कळ आधी व ठणका मागाहून का?
३. न दुखणारा चट्टा अधिक धोक्याचा का?