कामाचे ‘बेकार’

निशा मॉरिशसमधील एका शाळेत शिकत होती. शाळेच्या कार्यक्रमात ती कीबोर्ड वाजवणार होती. तिची मैत्रीण व्हायोलिन वाजवणार होती. दोघींना एकच धून बसवायची होती.

सराव सुरू झाला. धुनेच्या पहिल्या खणात चार स्वर होते : सोल, फा, सोल, फा. पहिल्या फाच्या आधी जाळीसारखे चिन्ह (♯) होते. निशाने काळी पट्टी दाबली. सूर बरोबर लागला. शेवटच्या फाच्या आधी मात्र निराळेच चिन्ह (♮) होते. लहानसा चौकोन, त्याची डावी दांडी वर गेलेली आणि उजवी खाली आलेली. निशाने तिकडे लक्ष दिले नाही. तिने पुन्हा काळीच पट्टी दाबली. मैत्रिणीने साधा फा वाजवला. दोन सूर एकमेकांना टोचले. ऐकणारी मुले हसू लागली.

“बाई, हे चौकोनी चिन्ह बेकार आहे. त्यानेच सगळे बिघडले,” निशा रडवेल्या आवाजात म्हणाली.

बाई हसल्या. “अगं, त्याचे फ्रेंच नावच ‘बेकार’ आहे! पण ते फार कामाचे आहे. नीट ऐक.”

बाईंनी फळ्यावर पाच आडव्या रेघा काढल्या. त्यांवर उभ्या रेघा मारून खण पाडले. मग त्या सांगू लागल्या, “जाळीसारखे चिन्ह म्हणजे दिएज. इंग्रजीत त्याला शार्प म्हणतात. ते स्वर अर्ध्या पायरीने चढवते. दुसरे चिन्ह बेमोल (♭), म्हणजे फ्लॅट. ते स्वर अर्ध्या पायरीने उतरवते. ही चिन्हे स्वराच्या आधी लिहितात. चिन्ह एकदा आले, की त्या जागेवरच्या स्वराला ते खण संपेपर्यंत लागू राहते. उभी रेघ आली, की त्याचा अंमल संपतो.”

“मग त्याच खणात साधा फा हवा असेल तर?” निशाने विचारले.

“तिथेच बेकार उपयोगी पडते. इंग्रजीत त्याला नॅचरल म्हणतात. ते आधीचे चिन्ह रद्द करते आणि स्वराला मूळ जागी आणते. काही धुनांत ओळीच्या सुरुवातीलाच दिएज किंवा बेमोल लिहिलेले असते. ते प्रत्येक खणात लागू असते. तिथेही बेकार आले, की त्या खणापुरता स्वर साधा होतो.”

बाईंनी नावांची गंमतही सांगितली. फार पूर्वी युरोपात ‘बी’ हे अक्षर दोन तऱ्हांनी लिहीत. गोल बी मऊ स्वराची. तिच्यावरून बेमोल हे नाव आले. चौकोनी बीवरून बेकार हे नाव आले.

संध्याकाळी आजोबा पेटी घेऊन भजनाला बसले होते. त्यांच्या वहीत काही स्वरांखाली आडवी रेघ होती. एका ‘म’च्या डोक्यावर उभी रेघ होती.

“आजोबा, ह्या रेघा कसल्या?”

“खाली रेघ असली, की स्वर कोमल. ‘म’वर उभी रेघ असली, की तो तीव्र. विष्णु नारायण भातखंडे यांनी स्वर लिहिण्याची ही पद्धत रुळवली.”

“कोमल म्हणजे मऊ! बेमोलही मऊच,” निशा आनंदाने म्हणाली. “पण तुमच्या वहीत बेकार कुठे आहे?”

“आम्हांला ते लागत नाही, बाळ. आम्ही प्रत्येक कोमल स्वराखाली नवी रेघ काढतो. रेघ नसली, की स्वर शुद्ध. तुमचे चिन्ह खणभर टिकते. म्हणून त्याला थांबवणारे दुसरे चिन्ह हवे.”

निशाने आपला कागद काढला. प्रत्येक बेकारभोवती तिने पेन्सिलीने गोल केला आणि पहिला खण पुन्हा वाजवला. सोल, काळा फा, सोल, पांढरा फा. आजोबांनी मान डोलावली.

स्वाध्याय

१. निशाचा सूर का चुकला?
२. दिएज, बेमोल आणि बेकार ही चिन्हे काय काम करतात?
३. आजोबांच्या वहीत बेकार का लागत नाही?
४. एका खणात सोल, फा दिएज, मी, फा असे स्वर आहेत. शेवटच्या फाला चिन्ह नाही. तो कोणत्या पट्टीवर वाजवाल? का?